नानांची बिनअक्षरी पाटी

मंडळी, आज धुळ्याच्या बाजारात माझी फजिती होता होता राहिली!

नानांच्या हळद-कुंकवाच्या दुकानाची पाटी मी रंगवतोय. त्यांना तिच्यावर सगळ्या मालाची नावं, कडेनं वेल आणि कोपऱ्यांत दोन पोपट हवे होते. पण लढाईमुळे बाहेरून माल येणं बंद झालंय, त्यामुळे काळा रंग कुठंच मिळेना. पांढऱ्या पाटीवर मधोमध मोठा तांबडा गोल तेवढा काढून झाला, आणि तशीच ती मी दारात उन्हात वाळत ठेवली.

नाना तडकले. "बाजाराच्या दिवशी असली पाटी? अक्षरं कुठायत?"

तेवढ्यात साक्रीकडच्या एक म्हाताऱ्या अक्का रस्ता ओलांडून थेट दुकानात आल्या. "भाऊ, कुंकू आठेच मियस ना?" त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुंकू इथंच मिळतं हे तो गोल बघून लांबूनच कळलं होतं. त्यांच्यामागून आणखी चौघी आल्या.

दुपारी नाना हळूच म्हणाले, "आता हिला हात लावू नकोस."

"आणि पोपट?"

"उडाले समज!"

मी हसत हसत ब्रश धुतला. वीस वर्षं पाट्या रंगवतोय, पण कुठं थांबायचं ते आज कळलं. तुम्हाला कधी कळलं?