वैमानिक, हलक्या कामास योग्य

अन्याय झाला तो माझ्या मित्रावर. कधी झाला तेही सांगतो. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या मंगळवारी, तहसील कचेरीत, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. वेळ मुद्दाम लिहितोय. सुट्टीनंतर त्याच टेबलावर दुसरा कारकून बसायचा, आणि तो माणूस बरा होता.

मित्राचं नाव लिहीत नाही. आमच्याकडं ज्याचं नाव छापून येतं त्याच्याच मागं चौकशी लागते, हे मी पत्रकं काढून काढून शिकलोय. ज्या देशाशी हे प्रकरण जोडलेलं आहे त्याचंही नाव लिहीत नाही. त्या देशाशी आमचं भांडण नाही. आमचं भांडण तालुक्याशी आहे.

आमचं गाव ढोकीच्या शिवारालगत. मित्राचे वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. ऊसच नव्हता, त्यामुळं काटा होता आणि वजन नव्हतं. आमच्या बौद्धवाड्यात पगाराचं घर म्हणजे तेच. त्या घरातला पोरगा हैदराबादला कॉलेजात गेला, तिथल्या कॅडेट तुकडीत भरती झाला आणि सुट्टीला आला तो खासगी वैमानिकाचा परवाना घेऊनच. विहिरीत बादली खडकावर आपटत होती त्या साली आमच्या गावचा माणूस विमान उडवत होता. मी लगेच पत्रक काढलं. मथळा होता, 'आकाश कुणाच्या मालकीचं?' खाली उत्तर छापायला जागा उरली नाही.

मग परदेशातल्या एका विमान क्लबाचं आमंत्रण आलं. निवडक तरुण वैमानिकांनी यावं, तिथली विमानं उडवावीत, मैत्री वाढवावी. येताना परवाना आणि डॉक्टरी दाखला आणावा. दाखला त्याच्याकडं होताच. हैदराबादच्या डॉक्टरनं त्याचे डोळे, कान, छाती सगळं तपासलं होतं, रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले होते, डोळे मिटून एका पायावर उभं केलं होतं. आमच्या गावात इतकं कुणी बैलालाही बघत नाही.

प्रश्न एकच होता. इथला दाखला तिथं चालतो का? त्यावर तो जाणार की राहणार हे ठरणार होतं.

सोसायटीच्या हापिसात बैठक बसली. चेअरमन मोठ्या शेताचे धनी, पण तळ्याच्या दुष्काळी कामाला त्यांच्याही घरची माणसं जाऊ लागली होती, त्यामुळं सगळ्यांशी गोड बोलत. त्यांनी आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर भाषण केलं. मग मी केलं. मग सचिवांनी खताच्या टंचाईवर केलं, कारण त्यांचं तेच पाठ होतं. ज्याला उत्तर माहीत होतं तो मित्र दारापाशी चपलांच्या शेजारी उभा राहून मधेमधे हात वर करत होता. शेवटी चहा आला तेव्हा त्याला बोलायला मिळालं.

"उमरग्याच्या नाक्यावरून आपला ट्रक कर्नाटकात जातो का न्हाय?" तो म्हणाला. "ट्रक आपला, ड्रायव्हर आपला, लायसन आपलं. तसंच हाय हे. आपल्या देशाच्या नोंदणीचं विमान घेऊन गेलो तर माझा परवाना, माझा दाखला तिथंबी चालतो. पर तिथलं विमान हातात घ्यायचं तर तिथल्या खात्यानं माझे कागद बघून मान्यता द्यायला लागती. दाखला कोरा असला, त्याच्यात काही अट न्हाई घातलेली, तर देत्यात. अट असली का अडतंय. माझ्या दाखल्यात अट न्हाई. झालं."

एवढंच होतं. चहा संपायच्या आत प्रश्न मिटला होता. पण मिटलेला प्रश्न घेऊन उठायची सहकारात पद्धत नाही. चेअरमननी ठराव मांडायला लावला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर: सदर डॉक्टरी दाखला या संस्थेच्या संपूर्ण कार्यक्षेत्रात ग्राह्य धरण्यात येत आहे. संस्थेचं कार्यक्षेत्र तीन गावं आणि एक वस्ती. तेवढ्यावरून उडायला आता त्याला कुणी अडवणार नव्हतं.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. त्यानंतरचा मंगळवार आला.

परदेशी जायचे कागद तहसीलमार्फत वर जायचे होते. रहिवास, वर्तणूक वगैरे. कारकुनानं फाईल उघडली, हैदराबादचा दाखला बघितला आणि चष्मा काढून ठेवला. त्याचं म्हणणं असं पडलं की हैदराबाद आंध्रात, आपण महाराष्ट्रात. आंध्राचा दाखला महाराष्ट्रात चालत नाही, तर तो परदेशात कसा चालेल? इथल्या सरकारी दवाखान्याचा आणा.

मित्राचे वडील बरोबर होते. ते टोपी हातात घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, म्या जल्मलो तवा आपण समदेच हैदराबादचे व्हतो. तुमीबी."

"तेव्हाचं तेव्हा," कारकून म्हणाला, आणि डबा सोडू लागला.

मी नियम विचारला. तो म्हणाला, नियम बघायला वेळ नाही, दुष्काळ आहे. त्या दोन वर्षांत हे उत्तर मी इतक्या टेबलांवर ऐकलंय की पाऊस न पडण्याचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला हे मी शपथेवर सांगू शकतो.

दवाखान्यापुढं रांग होती. तेव्हा दुष्काळी कामावर जड आणि हलकं अशी वाटणी होती. खडी फोडणं, माती वाहणं जड. पाणी पाजणं, लेकरं सांभाळणं हलकं. म्हातारे, अशक्त, बाळंतिणी यांना हलकं काम मिळावं म्हणून डॉक्टरचा दाखला लागायचा. त्यासाठी वरून छापील चिठ्ठ्या आल्या होत्या. त्यावर दोनच ओळी: जड कामास योग्य, हलक्या कामास योग्य. नको ती खोडायची. डॉक्टर सकाळपासून तेच करत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना जेवायला मिळालं नव्हतं आणि मानसुद्धा वर करायला मिळाली नव्हती.

"काम काय?" त्यांनी विचारलं.

"विमान चालवतो."

डॉक्टर लिहीतच होते. "बसून का उभ्यानं?"

"बसून."

"डोक्यावर पाटी घ्यावी लागते?"

"न्हाई, साहेब."

"मग हलकं." आणि त्यांनी वरची ओळ खोडली.

मित्रानं अट म्हणजे काय, परदेशातलं खातं काय बघतं, हे सगळं सांगायला सुरुवात केली. तोवर शिक्का बसला होता आणि मागची म्हातारी त्याला कोपरानं बाजूला सारून म्हणत होती की धडधाकट पोरानं हलक्या कामाला हात घालू नये, लाज धरावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कारकुनानं ती चिठ्ठी हैदराबादच्या दाखल्यावर ठेवली आणि टाचणी मारली. म्हणजे आता कुणीही फाईल उघडली की पहिल्यांदा दिसणार काय, तर सदर वैमानिक फक्त हलक्या कामास योग्य. कोऱ्या दाखल्याला अट चिकटली. आणि ती चिकटवली कुणी? ज्याला विमानाचं ना पुढचं ठाऊक ना मागचं, त्यानं.

आम्ही कचेरीच्या पायरीवर बसलो. घोषणाही दिल्या. मित्र मात्र म्हणाला, ओरडून काय होतंय, डॉक्टरकडून जड कामाची चिठ्ठी आणतो. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, पण काल हलकं लिहून आज जड कसं लिहू? तळ्यावर जाऊन काम करून दाखव, मुकादमानं सांगितलं तर लिहीन.

म्हणून, वाचकहो, आमच्या जिल्ह्यात एका वैमानिकानं विमान उडवायला आपण लायक आहोत हे पाझर तलावाची माती वाहून सिद्ध केलं. मी शेजारी उभा होतो. मलाही एक टोपलं दिलं गेलं, पण मी पत्रकाचा मजकूर तयार करत होतो.

तळ्यावरच्या बायांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. पहिलं टोपलं डोक्यावर चढवताना त्याचा तोल गेला आणि निम्मी माती मानेत गेली.

"पायलट, जरा बाजूनं उडा," एक मावशी म्हणाली. "आमच्या टोपल्याला तुमचं पंख लागाय लागलंय."

"वरनं दिसत असंल की आमचं तळं," दुसरी म्हणाली. "सांगा ना, पाणी कुठपातुर आलंय?"

तळ्यात पाणी नव्हतंच. सगळं तळं हसलं, मुकादमसुद्धा. पण मित्र थांबला नाही. दुपारी खायला सुकडी वाटेपर्यंत तो वाहत राहिला. हाताला फोड आले, मान लाल झाली, आणि शेवटी शेवटी त्या मावशीनंच त्याला चुंबळ नीट वळून दिली. सुकडी खाताना तिनं त्याला विचारलं, वर गेल्यावर भ्या वाटतं का? तो म्हणाला, वर न्हाई वाटत, इथं कचेरीत वाटतं. मुकादमानं डॉक्टरांना निरोप दिला की पोरगं चांगलं आहे, उद्यापासून रोज पाठवा.

जड कामास योग्य अशी चिठ्ठी मिळाली. आम्ही ती वाजतगाजत नाही, पण जवळजवळ तशीच कचेरीत नेली.

कारकुनानं ती उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. एका माणसाला एका हंगामात एकच चिठ्ठी लावता येते, तो म्हणाला. नाहीतर लोक आज हलकं, उद्या जड करत बसतील आणि हजेरीच्या मस्टरचा घोळ होईल. मी म्हणालो, हा मस्टरवर नाहीच. तो म्हणाला, मुकादमाचा निरोप इथंही आलाय, आहे. आणि खरंच होतं. पुढचे कित्येक दिवस माझा मित्र तळ्यावर गैरहजर लागत होता.

फाईल तशीच वर गेली. पहिल्या पानावर चिठ्ठी आणि चिठ्ठीला टाचणी.

तो गेला. मी नाही म्हणत नाही, परदेशी गेला. बाकीच्या पोरांनी तिथलं विमान हातात घेतलं, वर नेलं, खाली आणलं. याच्या कागदाचं तिथल्या खात्यानं भाषांतर करून घेतलं होतं. फार सज्जन माणसं. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या सरकारी डॉक्टरांनी अट घातली आहे, आम्ही तिचा मान राखतो. हैदराबादचा दाखला त्यानं पुढं केला, तर म्हणाले, तो जुना, हा नवीन. मग हलकं काम म्हणून त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि हातात नकाशा दिला.

तो परत आला त्या दिवशी त्याच्या घरी सगळी आळी जमली होती. त्याच्या आईनं विचारलं, "मग तिथं तू काय केलंस?"

"नकाशा धरला."

आईनं त्याच्यापुढं पाणी ठेवलं. मग म्हणाली, "उलटा तर न्हाई ना धरलास?"

सगळे हसले. तोही हसला. वडील हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि ते काट्यावर निघून गेले. तोलायला काही नसताना.

आमच्या तालुक्याचा डॉक्टरी दाखला परदेशात चालतो का, हा प्रश्न मात्र कायमचा सुटला. चालतो. अगदी काटेकोर चालतो. जो चालायला हवा होता तो सोडून.

आता हे कशासाठी लिहिलं? आठवण म्हणून लिहून ठेवावं, एवढा निवांत मी अजून झालेलो नाही. पाऊस पडलाय. कारखान्याचं धुराडं परत धूर सोडतंय, काट्यावर बैलगाड्यांची रांग आहे, दुष्काळी कामं बंद झाली, जड-हलक्याच्या चिठ्ठ्या रद्दीत गेल्या. एक सोडून. मित्राला त्याच क्लबाचं पुन्हा आमंत्रण आलंय. हैदराबादला जाऊन त्यानं नव्यानं तपासून घेतलंय, दाखला कोरा आहे. पण कागद जाणार त्याच कचेरीतून, त्याच फाईलमधून, आणि पहिल्या पानावर ती चिठ्ठी अजून आहे. तोच कारकून, आता बढती मिळालेला, म्हणतो की लावलेला कागद काढायचा अधिकार मला नाही, लावायचा होता.

तर तुम्ही, हो, तुम्हीच, हे वाचताय ते. येत्या सोमवारी तहसील कचेरीत या. भाषण करू नका, ते मी करीन. ठराव करू नका, ते चेअरमन करतील. टेबलापुढं उभं राहा आणि ती चिठ्ठी फाईलमधून काढायला लावा. चिमटा घेऊन या. टाचणी गंजलीय.