पुन्हा मांडू

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. दारव्ह्यात खेळण्यांच्या दुकानाचा तरुण मालक रोज संध्याकाळी टेबल मांडून कॉलेजच्या पोरांना पटावरचे नवनवे खेळ शिकवी. कुणी हरलं की म्हणे, "हारले तं काय झालं? पुन्हा मांडू." फासे दिसताच मी जुगार समजून ठाण्यात निनावी तक्रार केली. शिपाई दुकान बंद करायला आला.

"एक डाव खेळा साहेब, मंग लावा कुलूप," दुकानदार म्हणाला.

शिपाई हरला आणि ईर्षेनं पुन्हा बसला. पोरांनी टाळ्या पिटल्या. कुलूप लागलंच नाही.

आता रविवारी पायऱ्यांवर पोरापोरींची रांग असते. परवा माझ्या नातीनं मलाही ओढून बसवलं. मी हरलो.

"पुन्हा मांडू, काका," तो हसला.

"ती तक्रार माझी होती, माफ कर," हे सांगायचं सोडून मी सोंगट्या पुन्हा मांडू लागलो.