मिनिटसाहेबांचा ग्रह

डेपोत त्यांना सगळे मिनिटसाहेब म्हणत; अर्थात पाठीमागे. चौतीस वर्षं त्यांनी बसगाड्या वेळेवर सोडण्याचं काम केलं. मनगटावर घड्याळ, तोंडात शिट्टी आणि कपाळावर कायमची आठी. गाडी दोन मिनिटं जास्त रेंगाळली की ड्रायव्हरची खरडपट्टी निघालीच. "उभी गाडी म्हणजे मेलेली गाडी," असं ते ज्याला त्याला ऐकवत. अशा माणसाला निवृत्तीनंतर मुलीनं मोबाईलवर अवकाशातला खेळ टाकून दिला. आता काय म्हणावं!

मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. रविवारी फोन करायची, आईशी तासभर बोलायची, आणि बापाच्या वाट्याला "बरं आहे ना? गोळ्या घेताय ना?" एवढंच यायचं. त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी ती पहिल्या मुलाखतीला निघाली होती. सात दहाची गाडी पकडायला डेपोच्या आवारातून बॅग सांभाळत धावत आली, वीस-तीस पावलं उरली, आणि मिनिटसाहेबांनी शिट्टी फुंकली. पुढची गाडी तासाभरानं. नोकरी दुसऱ्याच कुणाला मिळाली. "मला दिसलीच नाहीस तू," मिनिटसाहेब घरी म्हणाले. बायकोला ते पटलं. मुलगी काही बोलली नाही, आणि मग बोलायचं राहूनच गेलं.

गेल्या सुट्टीत मात्र जाताना म्हणाली, "खेळून बघा बाबा. मीही असते तिथं. त्यात एकमेकांशी बोलता येतं." या शेवटच्या वाक्यासाठी मिनिटसाहेब खेळायला बसले. एरवी असल्या पोरखेळाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं.

पहिल्या दिवशी त्यांना एक करडा, ओसाड ग्रह मिळाला. मालकी मिळावी तीही अशा उकिरड्याची! खाण बांधायचं बटण दाबलं, तर पडद्यावर आकडा आला: सहा तास. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सहा तासच.

"अहो, काय चाललंय एवढं?" बायकोनं भाजी निवडता निवडता विचारलं.

"काहीच चालत नाहीये, तीच तर बोंब आहे! एक मजूर दिसत नाही, एक घमेलं हलत नाही, आणि म्हणे सहा तास. एवढ्या वेळात आमचे मेकॅनिक इंजिन उतरवून परत बसवायचे."

चौथ्या दिवशी एक मालवाहू यान हाती लागलं. शेजारच्या ग्रहावर जायला त्याला अकरा तास लागत. त्यापेक्षा बैलगाडी बरी! मिनिटसाहेबांनी मुलीला खेळातूनच लिहिलं, "हा खेळ आळशांनी आळशांसाठी काढलाय." तिचं उत्तर आलं, "हळूहळू मजा येते बाबा." यांनी लिहिलं, "हळूहळू गंज येतो." तिनं हसरा चेहरा पाठवला. तो त्यांनी बायकोला दोनदा दाखवला, आणि दोन्ही वेळा वर खेळाला शिव्या घातल्या.

असे दोन आठवडे गेले. मग एका सकाळी त्यांच्या ग्रहावर मुलीची नऊ यानं येऊन उभी राहिली. दुपारी पाहिलं, उभीच. दुसऱ्या दिवशीही उभीच. ना माल चढतोय, ना उतरतोय. मिनिटसाहेबांचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी त्यांना 'परत पाठवा' असं बटण सापडलं आणि त्यांनी ते दाबलं. नऊच्या नऊ यानं निघाली. किती दिवसांनी गाड्या सोडल्या होत्या! त्या दुपारी ते दोन घास जास्तच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रह धुऊन नेलेला होता. कुणी भलताच खेळाडू येऊन सगळा माल घेऊन गेला होता आणि यानाचा चुरा करून गेला होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! रविवार नसतानाही त्यांनी मुलीला फोन लावला.

"काय भिकार खेळ दिलास गं! सगळ्याची माती झाली. आणि तुझी ती यानं नुसती उभी होती दोन दिवस. हाकलली मी."

"बाबा, ती राखणीला होती," मुलगी म्हणाली. "तो माणूस तुमच्यावर टपून होता. म्हणून माझ्याकडची सगळी काढून तुमच्याकडे ठेवली होती. काल माझाही ग्रह लुटला त्यानं."

"मग सांगायचं नाही का? मला उभी गाडी दिसली की..."

"माहीत आहे मला."

एरवी मिनिटसाहेब इथं "बरं, ठेव मग" म्हणाले असते. आज त्यांना ते म्हणवेना. त्यांना स्वतःचीच शरम वाटली, आणि ती त्या खेळाची नव्हती.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "सात दहाच्या गाडीला... तू दिसली होतीस मला."

समोर भाजी निवडणाऱ्या बायकोचा हात थांबला.

"तेही माहीत आहे, बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलं होतं. घड्याळाकडे नंतर."