डाव्या-उजव्याचा घोळ

अँटेनावाल्यांची चांगली डिझाइन्स फाइलमध्ये राहतात आणि फजित्या चहाच्या टेबलावर साठत जातात. आमच्या हडपसरच्या कंपनीत साठलेल्या बऱ्याचशा माझ्याच आहेत. सांगतो, पण हसा जरा बेतानं!

*

उपग्रहाकडून येणारी लहर गोल फिरत येते, डावी किंवा उजवी. अँटेनाही त्याच बाजूचा लागतो, नाहीतर सिग्नल जवळजवळ शून्य. इंटरव्ह्यूत आमच्या बॉस लेले मॅडमनी विचारलं, "ही कुठल्या बाजूला फिरते?" मी ऐटीत म्हणालो, "कुठून बघताय त्यावर आहे." मॅडम शनिवार पेठेतल्या. म्हणाल्या, "रिक्षावाल्यालाही असंच सांगता का?"

*

माझा पहिला वाइडबँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा रुंद पट्टा पकडणारा अँटेना कॉम्प्युटरवर असा काही चालला, की मी मजलाभर पेढे वाटले. मग टेक्निशियन शिंदेकाकांनी तो बनवून मोजला. पट्टा निम्माच! काका हळूच म्हणाले, "साहेब, निम्मे पेढे परत गोळा करायचे का?"

*

टेस्टच्या बंद खोलीत दोन दिवस रीडिंग वेडंवाकडं येत होतं. मी काकांच्या सोल्डरिंगवर खेकसलो. काका आत गेले आणि माझा स्टीलचा डबा घेऊन बाहेर आले. "सिग्नल ह्याच्यावर आपटतोय साहेब. भाजी कोणची हाय?" मी साधं सॉरीही म्हटलं नाही.

*

आता खरी लाजेची गोष्ट. डिशवर आपटून परतताना लहर उलटी होते, उजवीची डावी. ड्रॉइंग काढताना मी नेमकं हेच विसरलो. कस्टमरसमोर डिश लावली, सिग्नल गायब! डाव्या-उजव्याच्या दोन केबल अदलाबदल केल्यावर आला. मॅडम कडाडल्या, "उलट्या कोणी जोडल्या?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. जोडल्या त्यांनीच होत्या, पण माझ्या ड्रॉइंगप्रमाणे. मी केबलची लेबलं तपासू लागलो. काका हत्यारं आवरू लागले. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी एवढा कसलेला माणूस स्टोअरमध्ये स्क्रू वाटायला बसवला.

*

आठवडाभर काका स्टोअरच्या खिडकीतून विचारायचे, "साहेब, चहा झाला का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी मॅडमकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. त्यांनी काकांना बोलावलं.

"शिंदे, ड्रॉइंग चुकलंय हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं की! साहेबांना विचारलं पन, डिशवर उलटं नाय का व्हायचं? साहेब म्हनले, 'काका, थिअरी माझ्यावर सोडा.'"

"मग?"

"मग सोडली."