चौसष्ट जीबी आणि पहिला मानकरी

बापूंनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "बाय, चौसष्ट जीबी सांगून चारच घातलंस काय गो?"

मालवणात माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. बापू आचऱ्याकडचे, फ्लेक्स बॅनर करतात. दुकानातला सगळ्यात तगडा लॅपटॉप मीच त्यांच्या गळ्यात घातला होता. आता जत्रेचा बॅनर उघडला की स्क्रीनवर 'आउट ऑफ मेमरी'. जत्रा दुसऱ्या दिवशी. बॅनर लागला नाही तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, असं म्हणत ते स्टुलावर बसले.

मी टास्क मॅनेजर उघडला. रॅम किती वापरात आहे ते तिथे दिसतं. चौसष्टच्या चौसष्ट जागेवर होते आणि बहुतेक रिकामे. रॅम म्हणजे काम मांडायचं टेबल. पण बापूंचं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, बत्तीस बिटवालं. टेबल कितीही मोठं द्या, ते दोन जीबीच्या कोपऱ्यातच काम मांडणार. नवं घ्या म्हटलं, तर त्यात बापूंची मराठी अक्षरं मोडत होती.

मग फाइल बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. जत्रेत ज्यांना पिढ्यानपिढ्या मान आहे ते झाडून सगळे मानकरी, शिवाय मुंबईकर मंडळ. प्रत्येकाचा फोटो मोबाइलवरून आला तसाच, अवाढव्य. बॅनरवर जागा प्रत्येकाला वीतभर. फोटो हलके करूया असं मी म्हटलं, तर बापू हबकलेच.

"मानकऱ्याचो फोटो हलको? बाय, माका ह्याच गावात ऱ्हवाचा आसा."

बॅनरवर सगळे तेवढेच मोठे दिसणार, कमी होतील ते फक्त आतले ठिपके, हे मी घसा सुकेपर्यंत सांगितलं. शेवटी ते कबूल झाले, पण एका अटीवर. पहिल्या मानाच्या नानांच्या फोटोला हात लावायचा नाही. बरं, नाही लावत. उरलेले मी वैतागून जरा जास्तच हलके केले. फाइल उघडली. बापूंनी नमस्कार केला तो लॅपटॉपला, मला नाही.

जत्रा झाली आणि खुद्द नाना दुकानात हजर. त्यांनी मोबाइलवर बॅनरचा फोटो पुढे धरला. ठिपके गेल्यामुळे बाकीच्यांच्या सुरकुत्याही गेल्या होत्या. मुंबईकर तर लग्नाच्या वयाचे दिसत होते. एकट्या नानांची सुरकुती न् सुरकुती, दाढीचे चुकलेले खुंट आणि पानाने रंगलेले दात लख्ख.

"पुढच्या वर्सा माझो फोटो सगळ्यांत हलको कर," नाना हळूच म्हणाले, "आणि बापूक सांगा नको."

तेव्हापासून कोणी जास्तीत जास्त रॅम मागितली की मी आधी विचारते, कशासाठी? उत्तर मिळेपर्यंत खोकं उघडत नाही.