परग्रहवासी बोलत नसतात

माझा थोरला भाऊ मोटारींच्या सीटांना कव्हरं शिवतो. हात असा साफ की रेक्झिनवरची शिलाई शोधून सापडत नाही. दादाबद्दल चांगलं एवढंच. आता बाकीचं सांगतो.

वर्षातून एकदा विज्ञानकथाप्रेमींचं संमेलन भरतं. पोरंबाळं असलेली माणसं तिथे प्लास्टिकच्या बंदुका खांद्यावर टाकून एकमेकांना सलाम ठोकतात. प्रश्नमंजूषा असते, कागदी यानांची शर्यत असते, आणि सगळ्यांत मानाची म्हणे परग्रहवासी स्पर्धा. सकाळी सोंग चढवायचं आणि बक्षीस समारंभापर्यंत माणसाच्या भाषेत एक शब्द काढायचा नाही. काढला की बाद. परीक्षक साध्या कपड्यांत फिरून फसवायला बघतात. याला हे लोक कला म्हणतात.

दादा दरवर्षी हरायचा. एकदा कोणीतरी पायावर पाय दिला, "आई गं!" म्हणाला, बाद. एकदा परीक्षकांनी चक्क वहिनीलाच फितवलं. "अहो, गॅस चालूच राहिला वाटतं घरी," ती म्हणाली, आणि याच्या तोंडून निघालं, "मग इथे काय करतेस?" बाद. पडलो तरी नाक वर, त्यामुळे चूक नेहमी परीक्षकांची.

सोंगं ठेवली ठमीच्या खोलीत. ठमी ही त्याची एकुलती एक मुलगी. तिच्या उशाशी तीन शिंगांचं डोकं, कपाटात शेपट्या. गेल्या वर्षी संमेलनाच्या तोंडावर तिने ते डोकं कचऱ्यात टाकलं. दादा म्हणाला, "चालती हो!" ती झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिली. आईला फोन करायची, बापाला नाही. बापही मोडेल पण वाकणार नाही.

यंदा मी सोबत गेलो, कारण सोंगाची चेन पाठीवर होती आणि ती लावायला कोणीतरी हवं होतं. हिरवं रेक्झिन, आत स्पंज, नाकाच्या जागी सायकलचा भोंगा. बोलायचं ते भोंग्याने नाहीतर जिभेच्या टकटकीने. दुपार टळली तेव्हा स्पर्धेत दोघंच उरले होते, हा आणि एक दातांचे डॉक्टर.

तेवढ्यात शेपट्या चुकवत ठमी आली. खांद्याला मोठी बॅग, डोळे सुजलेले.

"बाबा, मला नाही राहवत तिकडे एकटीला. आई ये म्हणते. पण 'जा' तुम्ही म्हणाला होतात, तर 'ये' पण तुम्हीच म्हणा."

दादाने मान वळवून आजूबाजूला परीक्षक शोधले. मग तिच्यासमोर बोट नाचवलं, मला फसवता काय, असं. आणि भोंगा वाजवला.

"दादा, हिला कोणी पाठवलेलं नाही," मी म्हणालो. "बोल, गाढवा."

त्याने माझ्यासमोरही बोट नाचवलं. मीही फितूर!

"ठमे, मी सांगतो ना, चल घरी."

"काका, तुमच्याकडून नकोय मला."

ती थोडा वेळ त्या हिरव्या तोंडाकडे बघत राहिली. दादाने पुन्हा भोंगा वाजवला. बघ्यांनी टाळ्या पिटल्या. ती बॅग सावरत निघून गेली.

पुढे डॉक्टरांना शिंक आली आणि सवयीने "सॉरी" निघालं. दादा जिंकला.

मुख्य परीक्षक चंदेरी झग्यातले. त्यांनी करंडक दिला, माईक पुढे केला. "आता बोला!"

"पोरीला पाठवलंत होय या वेळी?" दादा छाती काढून म्हणाला. "पण नाही फसलो!"

"कुणाच्या पोरीला?" परीक्षक म्हणाले. "घरच्यांना ओढायचं नाही, असं यंदा ठरवलंय आम्ही."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. करंडक माझ्या हातात कोंबून तो पळत सुटला. डोकं निघेना, कारण चेन पाठीवर. तसाच बसथांब्यावर. बस गेलेली. मी फोन लावला, ठमीने उचलला नाही.

"ठमे, ये गं! ये घरी!" तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. थांब्यावरची माणसं पोट धरून हसली, एकाने तर जवळ जाऊन भोंगा दाबून बघितला. इतक्या मायेने तो तिला कधी 'ये' म्हणाला नव्हता, आणि ऐकायला तिच्या माणसांपैकी मी एकटाच होतो.