अठरावा मजला: मीरा रोडचा की वाकडचा?

"सोमवारी टोकन भरायचंय, बाबा. दोन्ही फ्लॅट तुम्ही बघा, तुम्ही सांगाल तो घेऊ," असं माझी मुलगी मधुरा फोनवर म्हणाली आणि मी टेप, पाणसळ आणि एक काचेची गोटी पिशवीत टाकली. ती आणि जावई घरूनच काम करतात, कुठंही राहू शकतात. एक फ्लॅट मीरा रोडला, दुसरा पुण्यात वाकडला. दोन्ही अठराव्या मजल्यावर, किमतीही जवळपास सारख्या.

मी आर्किटेक्ट नाही. भाईंदर पश्चिमेला सव्वीस वर्षं खिडक्या आणि ग्रिल बसवतोय. टॉवर कसा बघायचा ते कॉलेजात नाही, दोरावर लटकून शिकलोय. पण खरं सांगतो, मीरा रोडच जिंकावा असं वाटत होतं. आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं!

शनिवारी मीरा रोड. थाट बघण्यासारखा: खाली रोमन खांब, वर घुमट, मधल्या जागेत माणसं.

"अंकल, इंटरनॅशनल डिझाइन है," सेल्सवाला म्हणाला.

"कौन से नेशन का?"

सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, कोपर मारलं. खिडक्यांवर छज्जा नाही, म्हणजे पश्चिमेचा पाऊस थेट सोफ्यावर. हॉलमध्ये गोटी ठेवली, तर ती आपली आपण बेडरूमपर्यंत चालत गेली.

"अंकल, ये तो सॅम्पल फ्लॅट है."

"मतलब असली में दौड़ेगी?"

तरी माझ्या वहीत मीरा रोडला दहापैकी सहा. त्यातले दोन रिक्षाच्या वीस मिनिटांचे.

रविवारी काशीमीरा नाक्यावरून सकाळची बस धरली. माणशी साडेपाचशे, साडेचार तास. एक्सप्रेसवेच्या थांब्यावर वडापाव बरा मिळतो, फक्त चटणी दोनदा मागावी लागते. वाकडच्या पुलापाशी उतरून रिक्षा केली. मीटरचा विषय काढू नका, दिवस खराब होतो.

पुण्याचा टॉवर पहिल्या नजरेत अगदीच साधा. अंगावर दागिना नाही. पण बाल्कन्या खोल, त्यांची सावली बरोबर खिडक्यांवर. जिन्यात भर दुपारी दिवा लावायची गरज नाही. पाणसळीतला बुडबुडा मधोमध, गोटी ठेवली तिथेच. मला राग यायला लागला.

शेजारच्या तयार विंगमधल्या एक बाई लिफ्टपाशी थांबून आमच्याकडे बघत होत्या.

"मोजायला आलात, की घ्यायला?"

"मुलीसाठी बघतोय."

"मग राहतं घर बघा. रिकामी घरं सगळीच छान दिसतात."

त्यांनी आपल्या घरी नेऊन स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी दाखवली. कपडे, वॉशिंग मशीन, बादल्या सगळं तिथे आणि बाहेरून काही दिसत नाही. "तुमच्याकडे कपडे कुठे वाळत घालता?" त्यांनी विचारलं.

"खिडकीबाहेर ग्रिलमध्ये," सुनंदा म्हणाली. "ग्रिल हेच बसवतात."

सव्वीस वर्षं माझं घर कोणावर चाललं, तर कपडे ओले असतात हे विसरणाऱ्या आर्किटेक्टांवर. या इमारतीत माझा धंदा आठवड्यात बसला असता. इमारतीला याहून मोठं सर्टिफिकेट मी देऊ शकत नाही.

"एक आहे मात्र," बाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात पाणी टँकरचं."

माझ्या जिवात जीव आला.

परतीच्या बसमध्ये सुनंदा हळूच म्हणाली, "अहो, तिला टँकरचं सांगाल ना?"

"सांगणार."

"मग तेवढंच सांगा ना."

लोणावळा आलं. मग फोन लावला. छज्जे, गोटी, ड्राय बाल्कनी, टँकर, सगळं क्रमाने सांगितलं.

"म्हणजे कुठला, बाबा?"

"पुण्याचा घे."

"मला वाटलेलं, तुम्ही मीरा रोडच म्हणाल."

"मलाही."

सुनंदा खिडकीकडे तोंड करून बसली, ती थेट काशीमीऱ्यापर्यंत. सोमवारी टोकन भरलं गेलं. पुण्याला दहापैकी नऊ दिलेत. एक मार्क टँकरचा कापला, अंतराचा नाही. अंतर आर्किटेक्टच्या हातात नसतं.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. सकाळच्या बसला उजवीकडची खिडकी घ्या, डावीकडे ऊन येतं. एकदाच जाणार असाल तर चालून जातं. महिन्यातून दोनदा जायचं असेल, तर आधीच बुक केलेलं बरं. आम्ही केलंय.